नैराश्याची गोळी आणि परदेशातले भूछत्र

गुलमंडीवरील दुकानात काम करणारा एक तरुण परवा दवाखान्यात आला. नैराश्यासाठी दिलेली एसिटालोप्रॅमची गोळी त्याने बाराव्या दिवशीच बंद केली होती. "डॉक्टरसाहेब, फरक काही पडला नाही. परदेशात एक भूछत्र निघालंय म्हणे, एकदा घेतलं की माणूस बरा होतो. ते मिळेल का?" हा प्रश्न हल्ली पुष्कळ जण विचारतात, म्हणून थोडा खुलासा.

या औषधांच्या कहाणीत आपल्या सर्पगंधेचाही वाटा आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिचा गुण जगापुढे मांडला. पुढे तिच्यातील रिसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, असे आढळले. रिसर्पिनने मेंदूतील सिरोटोनिनसारख्या रसायनांचा साठा घटतो, हेही दिसले. त्यावरून ही रसायने कमी पडली की नैराश्य येते, असा तर्क निघाला. आता तो फार ढोबळ मानला जातो.

गोळीमुळे सिरोटोनिन पेशींत परत शोषले जात नाही. हे काही तासांतच घडते. मन मात्र साधारण दोन ते चार आठवड्यांनी सावरू लागते, कारण पेशींना या बदलाशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. बाराव्या दिवशी गोळी सोडणे म्हणजे कोंब फुटण्याआधी बियाणे उकरून पाहणे! बरे वाटल्यावरही ती निदान सहा महिने चालू ठेवावी लागते. एकदम सोडली तर चक्कर, बेचैनी, झटके आल्यासारखे वाटणे असा त्रास होतो. ते व्यसन नव्हे.

भूछत्रातील सायलोसायबिन सिरोटोनिनच्याच एका ग्राहकावर थेट काम करते. काही तास भास होतात, मेंदूच्या ठरावीक वाटा तात्पुरत्या सैलावतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०२१ मध्ये ५९ रुग्णांवर त्याची एसिटालोप्रॅमशी तुलना केली. सहा आठवड्यांनंतर मुख्य मोजपट्टीवर दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. शिवाय तिथे डोस मोजून दिला होता आणि उपचारतज्ज्ञ शेजारी बसून होते. घरात कुणाला भ्रमाचा आजार असेल, तर असे औषध घातक ठरू शकते. आपल्याकडे तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने ते बाळगणेही गुन्हा आहे. कुणी चोरून विकत असेल, तर पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

गोळी सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतील रुग्णांत, बेचैनी वाढली किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. रात्री-अपरात्री सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक फिरवा.