व्हिडिओ गेम, फिट आणि ती इंग्रजी सूचना

सुट्टी लागली की तळेगावातल्या बऱ्याच घरांत टीव्हीला जोडलेला गेमचा कन्सोल दिवसभर चालू असतो. पूर्वी त्यासाठी कॅसेट आणावी लागे. आता इंटरनेटवरून खेळ थेट यंत्रात उतरवून घेता येतो. त्यातलाच एक पिनबॉल. खिळे ठोकलेल्या फळीवर छर्रे सोडण्याचा बगाटेलचा खेळ आमच्या पिढीने खेळला, त्याचाच हा वंशज. हंगेरीतल्या झेन स्टुडिओजचा ‘झेन पिनबॉल’ २००९ साली प्लेस्टेशनवर आला, तो याच जातीचा.

असे खेळ सुरू होताना किंवा कन्सोलसोबतच्या पुस्तिकेत एक इंग्रजी सूचना असते. मुले बटण दाबून ती पुढे ढकलतात आणि पालक वाचत नाहीत. तिचा अर्थ असा, की लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काही व्यक्तींना फिट येऊ शकते.

हे कसे घडते? डोळ्यांनी पाहिलेले मेंदूच्या मागच्या भागात पोचते. काहींचा हा भाग फार हळवा असतो. सेकंदाला ३ ते ३० वेळा, त्यातही १५ ते २० वेळा प्रकाशाची उघडझाप झाली, की तिथल्या पेशी एकाच तालात विजेचे संदेश सोडू लागतात. तो ताल मेंदूभर पसरला म्हणजे फिट येते. अपस्माराच्या १०० रुग्णांत असे सुमारे ३ असतात; बाकीच्यांना पडद्यापासून हा धोका नाही. मात्र हा दोष बहुधा ७ ते १९ या वयात दिसतो, म्हणजे ऐन खेळायच्या वयात. लोणावळा लोकलच्या खिडकीत झाडांआडून चमकणाऱ्या तिरप्या उन्हानेही अशांना त्रास होऊ शकतो.

जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी ‘पोकेमॉन’ या कार्टूनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश काही सेकंद वेगाने लुकलुकला. त्या संध्याकाळी सुमारे ६८५ जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावे लागले. सगळ्यांनाच फिट आली नव्हती, पण हळव्या मेंदूला काही सेकंद पुरतात हे जगाला कळले.

पिनबॉलमध्ये मोठे गुण मिळाले की सगळे टेबल लखलखते. गोळी बारीक, म्हणून मूल पडद्याला नाक लावून बसते. लुकलुकणारा भाग नजरेत जितका जास्त व्यापेल, तितका धोका वाढतो. तेव्हा आठ-दहा फूट लांब बसवावे, खोलीत दिवा लावावा, तासाभराने उठवावे. डोळ्यांपुढे विचित्र वाटू लागले तर दोन्ही डोळे मिटू नयेत. पापणीतून येणारा लाल प्रकाश अधिक त्रासदायक ठरतो. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवावे.

माझ्याकडे आलेल्या एका शाळकरी मुलाची हकिकत सांगतो. वडील चाकणला रात्रपाळीला, मुलगा पहाटेपर्यंत जागा, पोटात अन्न नाही, खोलीत अंधार. जागरण हे फिटचे फार मोठे निमित्त आहे. कदाचित पडद्याहूनही मोठे. घरच्यांनी कांदा हुंगवला, दातांत चमचा घातला. कांद्याने काही झाले नाही, चमच्याने एक दात हलला. वाचकहो, चप्पल, कांदा, चमचा, पाणी यांतले काहीही नको. दाबून धरू नये. कुशीवर वळवावे, टोकदार वस्तू दूर कराव्यात आणि घड्याळ बघावे. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ ला फोन करावा.

शुद्धीवर आलेल्या मुलासमोरच आजी मला म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, बाहेर कळू देऊ नका, याच्या बहिणीचं लग्न व्हायचंय.” ही भीती मला आजाराहून जड वाटते. हिंदू विवाह कायद्यातूनही ‘अपस्मार’ हा शब्द १९९९ च्या दुरुस्तीने वगळला, समाजाच्या मनातून मात्र अजून गेलेला नाही. लपवण्याच्या नादात औषधे मध्येच बंद होतात आणि फिट पुन्हा येते.

अशा मुलाचा मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, काढून घ्यावा. त्यात समोर दिवा मुद्दाम लुकलुकवून मेंदू कसा वागतो ते पाहतात. तपासणी साधारण तासाभराची असते, दुखत नाही. आदल्या दिवशी केस धुवावेत आणि तेल लावू नये, नाहीतर डोक्याला तारा नीट चिकटत नाहीत.