नलीकलीचा वर्ग कसा चालतो

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडच्या आणि भीमगडच्या जंगलपट्ट्यात, पावसाळा लागला की शाळेची हजेरी डळमळू लागते. नाले भरतात, वाटा बंद होतात. भाताची लावणी सुरू झाली की घरातली मोठी माणसं शेतात जातात आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला पहिली-दुसरीतलं पोर घरी राहतं. आठ-दहा दिवसांनी ते शाळेत येतं तेव्हा नेहमीच्या वर्गात धडा पुढे गेलेला असतो. मधली अक्षरं त्याने पाहिलेलीच नसतात. बाईंनाही एकट्या त्याच्यासाठी मागे जाता येत नाही. पोर गप्प बसायला शिकतं आणि तिथूनच त्याचं मागे पडणं सुरू होतं.

कर्नाटकातल्या सरकारी शाळांत पहिली ते तिसरीच्या मुलांना एकत्र बसवून शिकवण्याची जी ‘नलीकली’ पद्धत आहे, तिच्यात या अडचणीवर चांगला तोडगा आहे. कन्नडातल्या या नावाचा अर्थ ‘आनंदाने शिक’. आपल्याकडच्या मराठी माध्यमाच्या शाळांतही असे वर्ग भरतात. पण पालकांच्या मनात या वर्गांबद्दल शंका असते. तीन इयत्ता एका खोलीत का? मुलं नुसती खेळताना का दिसतात? वहीत धडे का नाहीत? शंका रास्त आहेत, म्हणून हा वर्ग आतून कसा चालतो ते नीट पाहू.

पद्धतीचा उगम म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातला. खानापूरसारखाच तोही जंगलाचा तालुका. वस्त्या लहान, शिक्षक कमी, मुलांची ये-जा अनियमित. आंध्र प्रदेशातल्या ऋषी व्हॅलीच्या केंद्राने आसपासच्या खेड्यांतल्या शाळांसाठी कार्डांवर आधारलेली शिकवण्याची पद्धत तयार केली होती. ती पाहून आलेल्या शिक्षकांनी 1995 मध्ये युनिसेफच्या मदतीने आपल्या शाळांपुरती तिची नवी मांडणी केली. 2009-10 पासून ती राज्यभरच्या कन्नड माध्यमाच्या सरकारी शाळांत आली आणि पुढे इतर माध्यमांत पोचली. सरकारी योजना बहुधा वरून खाली येतात. ही वर्गातल्या शिक्षकांच्या हातून घडली, आणि तिचा सगळा बारकावा त्यातून आला आहे.

वर्गात शिरल्यावर पहिली दिसते ती भिंतीवरची शिडी. भाषा, गणित आणि परिसर या प्रत्येक विषयाची वेगळी. तीन वर्षांत शिकायचं सगळं लहान-लहान टप्प्यांत तोडून पायऱ्यांसारखं एकावर एक मांडलेलं असतं. प्रत्येक पायरीवर एक चित्र असतं, प्राण्याचं, पक्ष्याचं किंवा तसंच काही, आणि त्याखाली कार्डाचा क्रमांक. वाचता न येणारं मूलही चित्र ओळखतं आणि त्याच चित्राच्या ट्रेमधून आपल्या क्रमांकाचं कार्ड काढून आणतं. दुसऱ्याला विचारावं लागत नाही. पहिलीतलं मूल आपलं काम आपण शोधतं, ही या वर्गातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

आता पुन्हा त्या लावणीच्या दिवसांत घरी राहिलेल्या पोराकडे येऊ. ते परत आलं की शिडीपाशी जातं आणि आपण सोडलेली पायरी शोधतं. तिथलंच कार्ड उचलतं. वर्ग त्याला सोडून पुढे गेलेला नसतो, कारण सगळ्यांनी एकाच दिवशी एकच धडा शिकायचा असं इथे नसतंच. शेजारचा तीन पायऱ्या वर असेल, पलीकडची दोन पायऱ्या खाली. वय आणि इयत्ता यांपेक्षा मूल कुठल्या पायरीवर आहे ते महत्त्वाचं.

कार्ड हातात आलं की त्यावरचं चिन्ह मुलाने कुठे बसायचं तेही सांगतं. काही कामं पूर्णपणे बाईंच्या मदतीने करायची, उदाहरणार्थ नवं अक्षर, नवी संकल्पना. काहींत बाईंनी सुरुवात करून द्यायची आणि पुढचं मुलाने करायचं. काही कामं सोबत्याच्या मदतीने होतात. दुसरीतली मुलगी पहिलीतल्याला वाचून दाखवते आणि त्यात तिचीही उजळणी होते. काही एकट्याने. त्यामुळे खोलीत पंचवीस मुलं असली तरी बाईंना एका वेळी पाच-सहा जणांकडेच पूर्ण लक्ष द्यावं लागतं. एका शिक्षकाला तीन इयत्ता पेलतात त्या या गटांमुळे. खालच्या उंचीवर भिंतीला फळे रंगवलेले असतात, ते मुलांना लिहायला. डोक्यावर आडव्या दोऱ्यांचा मांडव असतो, कन्नडात त्याला चप्पर म्हणतात. मुलांनी केलेली चित्रं आणि कागदकाम त्यावर टांगतात.

एका टप्प्यात कार्डांचाही क्रम ठरलेला असतो. आधी तयारी, म्हणजे गाणं, गोष्ट, खेळ. मग शिकणं, मग सराव, मग शिकलेल्याचा वापर, आणि शेवटी मूल्यमापनाचं कार्ड. ते जमलं नाही तर पूरक कार्डं घेऊन पुन्हा प्रयत्न. ‘नापास’ हा शिक्का कुठेच नाही आणि कच्चं ठेवून वर ढकलणंही नाही. जमलं की भिंतीवरच्या प्रगती-तक्त्यात त्या मुलाच्या नावापुढे खूण होते.

अक्षरं कशी शिकवतात ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. आपल्या लहानपणी क, ख, ग, घ, ङ असा क्रम असायचा. या पाच अक्षरांवर मुलाच्या रोजच्या बोलण्यातले शब्द फारसे जमत नाहीत. ङ तर सुटा त्याच्या तोंडात कधी येतच नाही. नलीकलीने वर्णमालेचा क्रम सोडून अक्षरांचे गट केले. कन्नडातला पहिला गट र, ग, स, द, अ. एवढ्यावरच ‘अरस’ म्हणजे राजा, ‘अगस’ म्हणजे परीट, ‘सर’ म्हणजे गळ्यातली माळ असे खरे शब्द वाचता येतात. मराठीत तसंच करून पाहा. समजा म, क, र, ल ही चार अक्षरं आणि एक काना दिला. मका, काम, काका, मामा, लाल, राम, मला, कमाल इतके शब्द झाले. ‘काका, मला मका’ असं अख्खं वाक्य मूल पहिल्या काही आठवड्यांत स्वतः वाचतं. बाराखडी पाठ होईपर्यंत वाचनासाठी थांबावं लागत नाही. वाचल्यावर काही कळतं, हे मुलाला सुरुवातीलाच अनुभवायला मिळतं, आणि वाचायची गोडी त्यातूनच लागते.

गणितात चिंचोके, काड्या, खडे हे सामान. दहा काड्यांचा एक गठ्ठा बांधायचा आणि उरलेल्या सुट्या ठेवायच्या. मराठी मुलाला इथे एक खास अडचण येते. ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच ऐकू येतात, मग वीस. लिहिताना मात्र आधी 2 येतो. म्हणून कितीतरी मुलं 52 लिहितात. कन्नडातलं ‘इप्पत्तैदु’ आधी वीस सांगतं, मग पाच. कर्नाटकाच्या 2015 च्या कायद्यानुसार मराठी माध्यमातल्या मुलालाही पहिलीपासून कन्नड शिकावं लागतं, म्हणजे सीमाभागातल्या पोराच्या कानावर दोन्ही रीती पडतात. महाराष्ट्रात 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असं वाचन सुचवलं गेलं तेव्हा मोठा वाद झाला. माझं मत असं की जुनी नावं ठेवावीत, ती घराघरांत चालतात, पण गठ्ठे मात्र मुलाच्या हातात द्यावेत. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या त्याने स्वतः मांडल्या की 25 आणि 52 मधला फरक त्याला डोळ्यांनी दिसतो.

परिसरातल्या वस्तूंवरून शिकवण्याची ही वाट मराठीला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बिया, पानं, शंख-शिंपले घेऊन बालशिक्षण उभं केलं. अलीकडे साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या शाळांनी ज्ञानरचनावादाच्या नावाने तेच पुढे नेलं. खानापूरच्या मातीची भांडी आणि कौलं नावाजलेली आहेत. इथल्या वर्गात मातीची अक्षरं आणि मातीचे मणी नसतील तर हाताशी असलेलं सोडून दिल्यासारखं होईल.

ही पद्धत बिघडते कुठे, तेही सांगायला हवं. कार्डं फाटली-हरवली आणि नवी आली नाहीत, तर शिडी भिंतीवर नुसती शोभेला उरते. गटांचा व्याप झेपेनासा झाला की सगळ्यांना एकच कार्ड दिलं जातं आणि जुनाच वर्ग नव्या नावाने भरतो. पण खरा घात होतो तो शिक्षक अपुरे असल्यामुळे. एका शिक्षकाने तीन इयत्ता सांभाळाव्यात एवढीच या रचनेची ताकद आहे. त्याच शिक्षकाकडे चौथी-पाचवीही असेल, शिवाय मतदारयाद्यांचं काम आणि दुपारच्या जेवणाचा हिशेब असेल, तर पहिलीतल्या मुलाजवळ बसायला कोणी उरत नाही. तिथे दोष पद्धतीला देणं अन्यायाचं आहे. बहुवर्ग अध्यापन ही विचारपूर्वक केलेली रचना आहे. शिक्षक न नेमण्यासाठी तिचा आधार घेऊ नये.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक असायलाच हवेत. शाळा समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या महिला, हेही त्यात लिहिलेलं आहे. आपल्याकडे तिला एसडीएमसी म्हणतात. तिच्या पुढच्या बैठकीला जा. इमारत आणि कंपाउंडचे विषय झाले की दोन प्रश्न विचारा: दुसरा शिक्षक कधी येणार आणि कार्डांचा संच पूर्ण आहे का. मग मुलाला घेऊन वर्गात जा आणि शिडीवर आपली पायरी कुठली ते त्यालाच दाखवायला सांगा.