गरम पाण्याचे समान वाटप : दोष पंपाचा नव्हे, प्रवाहाचा

गणपतीपुळे - कोकण किनाऱ्यावर घर उबदार ठेवण्यासाठी कोणी यंत्रणा बसवत नाही. आंघोळीचे गरम पाणी मात्र सर्वांनाच लागते. अंगारकी चतुर्थी, माघी गणेशोत्सव किंवा नाताळची सुट्टी आली, की पहाटे श्रींच्या दर्शनाला निघणारे भाविक एकाच वेळी नळ सोडतात. नळांची जोडणी सदोष असेल, तर गच्चीवरील सौर बंबाजवळच्या खोलीत वाफाळते पाणी येते आणि टोकाच्या खोलीतील पाहुणा बादलीभर गार पाणी ओतून देत बसतो.

हे नुकसान किरकोळ नाही. २५ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळात दर मीटरला सुमारे अर्धा लिटर पाणी मावते. म्हणजे ३० मीटर अंतरावरील खोलीत गरम पाणी पोहोचण्यापूर्वी सुमारे १५ लिटर पाणी वाया जाते. पावसाळ्यात धो धो पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते, हे लक्षात घेता या बादलीचे मोल कळते.

यावरील उपाय म्हणजे परतीचा नळ. छोट्या पंपाच्या साह्याने गरम पाणी टाकीतून सर्व मजल्यांवर फिरून पुन्हा टाकीत येते. परंतु येथेच दुसरी अडचण उद्भवते. पाणी नेहमी कमी अडथळ्याच्या वाटेने अधिक धावते. त्यामुळे जवळच्या शाखेतून भरपूर पाणी फिरते आणि लांबची शाखा कोमटच राहते. मोठा पंप बसवणे हा त्यावरचा इलाज नव्हे. त्याने जवळच्या शाखेतील प्रवाहही वाढतो, विजेचे बिल फुगते आणि टाकीतील गरम व गार पाण्याचे थर एकमेकांत मिसळतात.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हीच तक्रार वेगळ्या रूपात भेटते. तेथे बॉयलरचे गरम पाणी प्रत्येक खोलीतील रेडिएटरमधून फिरते. दिवाणखाना तापतो, वरची शेवटची खोली गारठलेली राहते. तेव्हा प्रत्येक रेडिएटरच्या परतीकडील झडप कमी-अधिक उघडून प्रवाह समतोल केला जातो. जुन्या बॉयलरसाठी येणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्यात ११ अंश सेल्सिअसचा फरक रूढ आहे; नव्या कंडेन्सिंग बॉयलरसाठी तो २० अंशांपर्यंत ठेवतात.

लॉजमधील परतीच्या नळांनाही हीच रीत लागू पडते. आधी गाळणी साफ करून नळांतील हवा काढावी. मग सर्व शाखांच्या झडपा पूर्ण उघडाव्यात आणि प्रत्येक परतीच्या नळाचे तापमान मोजावे. जी शाखा सर्वांत लवकर तापते, तिची झडप थोडी आवळावी. सर्वांत लांबची झडप पूर्ण उघडीच ठेवावी. एका वेळी एकच झडप फिरवावी आणि तापमान स्थिरावेपर्यंत थांबावे. सर्व परतीचे नळ जवळजवळ सारखे गरम झाले, की झडपांची स्थिती खुणेने नोंदवावी. पुढे प्लंबर बदलला तरी ही नोंद उपयोगी पडते.

जेथे परतीचा नळच नाही, तेथे झडपा फिरवून काहीही साधत नाही. तेथे नळ शक्य तितका आखूड व बारीक ठेवणे आणि त्यावर उष्णतारोधक आवरण चढवणे हाच मार्ग. परतीची व्यवस्था असलेल्या ठिकाणीही आवरण हवेच. अन्यथा रात्रभर पंप चालून दिवसभराचे ऊन पहाटेपूर्वीच वाया जाते. पंपाला वेळ ठरवून देणारे घड्याळ त्यासाठी उपयोगी ठरते.

काटकसरीसाठी टाकीचे पाणी कोमट ठेवणे मात्र धोक्याचे. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात फुप्फुसांचा आजार पसरवणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात; म्हणून साठा ६० अंशांच्या आसपास असावा. एवढे गरम पाणी अंग भाजू शकते, त्यामुळे न्हाणीघरात गार पाणी मिसळण्याची सोय आवश्यक आहे.

नवा बंब किंवा मोठा पंप विकत घेण्यापूर्वी लॉजमालकांनी आणि सोसायट्यांनी हातात तापमापक घेऊन परतीचे नळ एकदा तपासावेत. अनेकदा उत्तर तेथेच सापडते.