आवाज वाढवू नका, गोंगाट कमी करा

ओहोटी लागली की अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते. पाणी चढले की तीच वाट बंद होते आणि होडीशिवाय परतता येत नाही. कोकण किनाऱ्यावर यासाठी एक तोंडी हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती.

आता समजा, रीतसर परवानगी घेऊन किल्ल्यात एखाद्या ऐतिहासिक मालिकेचे चित्रीकरण चालू आहे. पन्नास-साठ माणसे तटावर, बुरुजावर, आतल्या झाडीत विखुरलेली आहेत. जनरेटर घरघरतो आहे, वारा सुटला आहे. किनाऱ्याकडच्या वाटेवर नजर ठेवणारा माणूस म्हणतो, ‘पाणी चढतंय, आवरा.’ ही तीन शब्दांची सूचना प्रत्येक विभागप्रमुखाला त्याच क्षणी आणि स्पष्ट ऐकू गेली पाहिजे. क्रेनवरचे वजन हलवताना ‘थांबा’ म्हटले, तरी तेच. हे काम करते कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली, हाताच्या पंज्यात मावणारी एक पेटी. तिला बेल्टपॅक म्हणतात. चित्रपटाचे पथक, नाटकाचे पडद्यामागचे लोक, क्रिकेट सामन्याचे कॅमेरामन आणि अलिबाग परिसरातल्या मोठ्या लग्नांची व्यवस्था पाहणारे लोकही आता तो वापरतात.

वॉकी-टॉकीपेक्षा वेगळे काय?

वॉकी-टॉकीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. तो बटण सोडत नाही तोवर बाकीच्यांना फक्त ऐकत राहावे लागते. ‘थांबा’ म्हणायचे असेल आणि त्याच वेळी दुसराच कोणी चहाची चौकशी करत असेल, तर तो ‘थांबा’ पोहोचतच नाही. बेल्टपॅकवर टेलिफोनसारखे एकाच वेळी बोलता आणि ऐकता येते. दोन्ही हात मोकळे राहतात. कॅमेरा, प्रकाश आणि ध्वनी यांना वेगवेगळे चॅनेल देता येतात आणि गरज पडली की सगळ्यांना एकत्र सूचनाही देता येते.

नाटकात पूर्वी हा निरोप विंगेतून बॅटरीचा प्रकाश दाखवून किंवा हाताच्या खुणेने जात असे. पुढे तारेचे इंटरकॉम आले. १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या क्लिअरकॉम कंपनीने रॉक संगीताच्या दणदणाटातही ऐकू येईल असा तारेचा बेल्टपॅक बनवला आणि ती पद्धत जगभर रुजली. आजच्या बिनतारी बेल्टपॅकपैकी अनेक ‘डेक्ट’ या तंत्रावर चालतात. घरातले कॉर्डलेस फोन याच तंत्राचे. मद्रास आयआयटीच्या पुढाकाराने तयार झालेली ‘कोरडेक्ट’ ही ग्रामीण दूरध्वनी यंत्रणाही त्यावरच उभी होती.

या तंत्रात सेकंदाच्या शंभराव्या भागाचे २४ तुकडे केले जातात. काही तुकड्यांत पेटी बोलते, काहींत ऐकते. अदलाबदल इतकी जलद होते की माणसाला ती जाणवत नाही. शिवाय कोणता चॅनेल मोकळा आहे हे यंत्रणा सतत तपासते आणि गर्दी वाढली की आपणहून दुसऱ्या चॅनेलवर सरकते.

दगड, पाणी आणि माणूस

डेक्टच्या लहरी सुमारे १.९ गिगाहर्ट्झच्या असतात, म्हणजे त्यांची लांबी जेमतेम १६ सेंटिमीटर. जाड दगडी तट त्यांना अडवतो. पाणीही त्या शोषते, आणि माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणीच असते. त्यामुळे पेटी कमरेच्या उजव्या बाजूला आणि अँटेना डावीकडे असेल, तर मधले शरीर सावली पाडते. रिकाम्या मैदानावर उत्तम चाललेली यंत्रणा माणसांची गर्दी झाल्यावर अडखळते ती यामुळेच.

मोकळ्या जागेत एका डेक्ट अँटेनाचा पल्ला साधारण दोन-तीनशे मीटर असतो. कुलाबा किल्ला किनाऱ्यापासून एक-दोन किलोमीटर आत आहे. म्हणून किनाऱ्यावर बेस स्टेशन ठेवून किल्ल्यातल्यांशी बोलता येईल, हा हिशेब चुकतो. अँटेना किल्ल्यातच न्यावा लागतो, माणसांच्या डोक्यांपेक्षा उंच लावावा लागतो आणि तटाच्या कोपऱ्यांसाठी दुसरा जोडावा लागतो. काम सुरू होण्याआधी एकाने बेल्टपॅक लावून सगळीकडे बोलत फिरायचे आणि आवाज कुठे तुटतो ते टिपून ठेवायचे, ही अर्ध्या तासाची चाचणी पुढचा दिवस वाचवते. भरतीवर नजर ठेवणाऱ्याची जागा पल्ल्याबाहेर असेल, तर त्याच्यासाठी वेगळी सोय हवी.

अलिबागचा जुना धडा

दुबळा संकेत नीट ऐकायचा असेल तर आजूबाजूचा गोंगाट कमी केला पाहिजे. या तत्त्वावर अलिबागमध्ये एक संस्था शंभराहून अधिक वर्षे उभी आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातले सूक्ष्म बदल पूर्वी मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेत नोंदले जात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युतप्रवाहाने या नोंदी बिघडतील हे स्पष्ट झाले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या काळात, १९०४ मध्ये, हे काम अलिबागला हलवण्यात आले. इथली इमारत बांधताना चुंबकीय वस्तू कटाक्षाने टाळल्या गेल्या. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्या ताडून पाहिल्या गेल्या. ट्राम १९०७ मध्ये धावू लागली, तोवर नोंदींचे काम अलिबागला स्थिरावले होते.

बेल्टपॅक वापरणारे बहुतेक जण मात्र याच्या उलट करतात. ऐकू आले नाही की ते पेटीवरची आवाजाची चकती फिरवतात.

कानाचा हिशेब

अंतर्कर्णातल्या शंखाकृती पोकळीत सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीचे कंपन त्या मेंदूला कळेल अशा संदेशात बदलतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सुरुवातीला काम संपल्यावर कान बंद झाल्यासारखे वाटणे किंवा शिट्टीसारखा आवाज येणे एवढेच जाणवते. सकाळपर्यंत ते ओसरते आणि माणूस निश्चिंत होतो. अशा रात्री वाढत गेल्या की आधी उंच पट्टीतले आवाज जातात. मग गर्दीत ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी अक्षरे निसटू लागतात. सूचना ऐकण्यावर ज्याचे पोट आहे, त्याच्यासाठी हे नुकसान नोकरीवर येणारे असते.

अमेरिकेतील ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालू शकतो. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावा लागतो. ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक आणि १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे. चित्रीकरणाची पाळी बारा तासांची असते, हे लक्षात घेतले की चकतीचा एकेक अंश महाग वाटू लागतो.

यावर उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत. पहिला म्हणजे मायक्रोफोन ओठांजवळ आणणे. चार सेंटिमीटरवरचा माइक दोनवर आणला की ओरडल्याशिवायच आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो, मागचा जनरेटर मात्र होता तेवढाच राहतो. समुद्रावर माइकला स्पंजची टोपी हवीच, नाहीतर वाऱ्याची फडफड सगळ्यांच्या कानात जाते.

दुसरा उपाय म्हणजे बोलून झाले की बटण बंद करणे. एकाच चॅनेलवर सारखाच गोंगाट टिपणारे आठ माइक उघडे राहिले, तर ऐकणाऱ्याच्या कानातला गोंगाट नऊ डेसिबलने चढतो. मग प्रत्येक जण आवाज वाढवतो. एकाचा विसरभोळेपणा आठ जणांच्या कानांना सोसावा लागतो.

तिसरा उपाय हेडसेटच्या निवडीचा. ध्वनिक्षेपकांजवळ उभे राहणाऱ्याने दोन्ही कान झाकणारा हेडसेट घ्यावा. बाहेरचा आवाज अडला की सूचना कमी आवाजातही कळते. वाहने, क्रेन किंवा लाटांजवळ काम करणाऱ्याचा मात्र एक कान मोकळा असावा आणि दर दोन तासांनी त्याने कान बदलावा.

हेडसेट सगळ्यांत फिरत असतो, त्यामुळे स्वच्छतेचा प्रश्नही येतो. कोकणातल्या दमट हवेत घामाने ओली झालेली गादी एकाच्या कानावरून दुसऱ्याच्या कानावर गेली, तर बुरशीचा आणि इतर संसर्ग पसरू शकतो. कापडी आवरण प्रत्येकाचे वेगळे असावे, ते शक्य नसेल तर गादी पुसून कोरडी करावी. कान खाजतो म्हणून काडी घालू नये आणि घरचे गरम तेल तर नाहीच.

कमरेला दिवसभर लहरी फेकणारी पेटी बाळगणे धोक्याचे नाही का, असेही विचारले जाते. डेक्ट पेटीची कमाल शक्ती पाव वॅट असते. एका संभाषणासाठी ती २४ तुकड्यांपैकी एकाच तुकड्यात लहरी सोडते, म्हणून सरासरी शक्ती सुमारे १० मिलिवॅट भरते. शिवाय पेटी कमरेला असते, डोक्याजवळ फक्त ध्वनीची तार जाते. या कामात खात्रीचा धोका आहे तो कानात शिरणाऱ्या आवाजाचा.

पथकाचा प्रमुख चांगला असेल तर तो सकाळी पेट्या वाटतानाच तीन गोष्टी सांगतो: माइक ओठांजवळ, बटण बंद, चकती अर्ध्यावर. मग दुपारी पाणी चढू लागते, तेव्हा वाटेवरच्या माणसाला ओरडावे लागत नाही. तो नेहमीच्या आवाजात ‘आवरा’ म्हणतो आणि किल्ल्याच्या दुसऱ्या टोकाला दिवे उतरू लागतात.