घर गाठण्याची घाई

आपल्या उपनगरांतून हल्ली दरवर्षी कितीतरी मुले-मुली शिक्षणासाठी परदेशी जातात. निघताना लोणची, पापड, औषधे सारे बरोबर घेतले जाते; पण तिथे भूकंप झाला तर काय करावयाचे, हा विषय सहसा निघत नाही. (अपशकुन नको, हेच त्यामागचे कारण असावे!)

संकटात माणसाला पहिली ओढ लागते ती घरची. २६ जुलै २००५ रोजी मुंबईने ती पाहिली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्याला जेमतेम ७३. साहजिकच दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांत बसलेल्यांना अंधेरी-कुर्ल्याची कल्पनाच आली नाही, आणि ते घरी निघाले. पाणी तुंबण्याचे कारण उघड होते. शहराची गटारे ताशी सुमारे २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. त्यातच समुद्राला भरती, त्यामुळे मिठी नदीच्या पाण्याला वाट मिळेना. लोकल ठप्प, फोन मुके. जे कचेरीत वा कॉलेजात थांबले त्यांची रात्र फार तर उपाशी गेली. वाटेत बंद मोटारींत अडकलेली काही माणसे मात्र गुदमरून दगावली.

जपानने हेच ११ मार्च २०११ रोजी अनुभवले. भूकंपाचे केंद्र टोकियोपासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर. तरी आगगाड्या थांबल्या आणि राजधानीच्या परिसरात पन्नास लाखांहून अधिक लोक त्या दिवशी घरी पोहोचू शकले नाहीत. रस्ते पायी चालणाऱ्यांनी भरले की बंब आणि रुग्णवाहिका अडतात. म्हणून टोकियोने एप्रिल २०१३ पासून नियम केला, की कंपन्यांनी तीन दिवसांचे अन्नपाणी साठवावे आणि नोकरवर्गाला लगेच घरी सोडू नये.

तिथे शिकणाऱ्या मराठी मुलाचे घर तर समुद्रापलीकडे. त्याला फक्त ‘मी ठीक आहे’ एवढेच कळवायचे असते, आणि नेमके तेच अवघड, कारण सारेच एकदम फोन फिरवतात. त्यासाठी कोबेच्या १९९५ च्या भूकंपानंतर, १९९८ मध्ये, १७१ या क्रमांकाची सोय झाली. मोठ्या आपत्तीत तो फिरवून निरोप ध्वनिमुद्रित करावयाचा. आपला नंबर ज्याला ठाऊक आहे त्याला तो ऐकता येतो. इंटरनेटवरही अशीच सोय आहे, आणि तिथला लेखी निरोप मुलुंडला बसून वाचता येतो. मात्र मुलाचा जपानमधला नंबर घरी लिहून ठेवलेला हवा. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला ही सोय सरावासाठी खुली असते.