विश्लेषण : जवानांच्या मुलांच्या वसतिगृहाची फी सरकारने द्यावी का? परभणीतल्या घरांचा हिशेब काय सांगतो?

वडील सीमेवर, आई गावात आणि मुलगा निवासी शाळेत. फौजेत माणूस असलेल्या घरांना ही विभागणी नवी नाही. अशा मुलांच्या वसतिगृहासाठी केंद्र सरकार पैसे देते. पण परभणीसारख्या जिल्ह्यातल्या साध्या जवानाच्या हाती त्यातले किती पडतात? नियम काय आहेत आणि अडते कुठे?

आताच चर्चा का?

आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केली. निवृत्त न्यायमूर्ती रंजना देसाई आयोगाच्या अध्यक्ष असून अहवालासाठी १८ महिन्यांची मुदत आहे. सैन्यदलांचे वेतन आणि भत्तेही आयोगाच्या कक्षेत येतात. मुलांच्या शिक्षणाचा भत्ता पुढे किती असावा आणि कसा द्यावा, हे सांगायची संधी याच काळात आहे.

सध्या किती पैसे मिळतात?

दोन वेगवेगळ्या रकमा आहेत. पहिली म्हणजे बालशिक्षण भत्ता. १ जानेवारी २०२४ पासून तो दर मुलामागे महिना २,८१२.५० रुपये, म्हणजे वर्षाला ३३,७५० रुपये आहे. प्रत्यक्ष खर्च कमी-जास्त झाला तरी ही रक्कम तेवढीच राहते.

दुसरी म्हणजे वसतिगृह अनुदान, ज्याला ‘होस्टेल सबसिडी’ म्हणतात. त्याची कमाल मर्यादा महिना ८,४३७.५० रुपये, म्हणजे वर्षाला १,०१,२५० रुपये. इथे प्रत्यक्ष खर्च आणि मर्यादा यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळते. राहण्या-जेवणाचे ९० हजार झाले तर ९० हजार. १ लाख ४० हजार झाले तर वरचे ३८,७५० रुपये खिशातून.

दोन्ही रकमा एकाच वेळी घेता येतात. त्या सर्वसाधारणपणे हयात असलेल्या मोठ्या दोन मुलांसाठी, बारावीपर्यंत मिळतात. मूल नापास झाले म्हणून भत्ता थांबत नाही. आई-वडील दोघेही सरकारी नोकरीत असतील तर एकालाच दावा करता येतो.

सहाव्या वेतन आयोगात या रकमा १,००० आणि ३,००० रुपये होत्या. सातव्या आयोगाने त्या २,२५० आणि ६,७५० केल्या. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला की त्या २५ टक्क्यांनी वाढतात, म्हणून सध्याचे आकडे.

हा फक्त फौजींचा हक्क आहे का?

नाही. रेल्वे, टपाल, आयकर अशा सगळ्याच केंद्रीय कर्मचाऱ्यांना तो मिळतो. शिपाई आणि ब्रिगेडियर दोघांसाठी मर्यादा एकच. मात्र निवासी शाळा कर्मचाऱ्याच्या राहत्या घरापासून किमान ५० किलोमीटर दूर असावी लागते.

बाजूने काय सांगितले जाते?

जवानाची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. फील्ड एरियात कुटुंब नेता येत नाही. पीस स्टेशनला क्वार्टर मिळाले तरी पुढच्या बदलीत मुलाची शाळा, भाषा आणि अनेकदा बोर्डही बदलते. परभणीचा मुलगा तिसरीला पंजाबात, पाचवीला आसामात आणि सातवीला पुन्हा गावात, असे होऊ शकते. परभणी जिल्ह्यात लष्करी छावणी नसल्याने गावी ठेवलेल्या मुलांना लष्कराच्या शाळेचाही आधार नाही. नोकरीच्या स्वरूपामुळे होणारे नुकसान नोकरी देणाऱ्याने भरून द्यावे, हा इथला युक्तिवाद आहे.

विरोधात काय?

ब्रिटनमध्ये या प्रश्नावर अनेक वर्षे वाद आहे. तिथले सरकार सैनिकांच्या मुलांच्या बोर्डिंग शाळेची ९० टक्क्यांपर्यंत फी भरते, उरलेली पालकांनी द्यायची. जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के कर लागला, तेव्हा सरकारने भत्त्याची मर्यादाही वाढवली. सामान्य करदात्याच्या पैशातून महागड्या शाळा पोसल्या जातात आणि मोठा लाभ अधिकाऱ्यांना होतो, अशी टीका तिथे होते.

आपल्याकडे मर्यादा ठरलेली असल्याने तो आक्षेप तसाच्या तसा लागू होत नाही. पण दुसरा होतो. भत्ता सर्वांना सारखा असला, तरी आधी फी भरण्याची ऐपत सर्वांची सारखी नसते.

परभणीच्या जवानाचे अडते कुठे?

तीन ठिकाणी.

पहिले, पैसे मागून येतात. परतावा वर्षातून एकदा, आर्थिक वर्ष संपल्यावर मिळतो. फी मात्र जूनमध्ये भरायची. म्हणजे जवळपास दहा महिने लाखभर रुपये घरातून अडकवायचे. अधिकाऱ्याला ते जमते. पालम किंवा सोनपेठच्या शिपायाला त्यासाठी उसनवारी करावी लागू शकते.

दुसरे, ‘वसतिगृह’ या शब्दाचा अर्थ. मूल ज्या निवासी शाळेत शिकते, तिच्याच संकुलात राहत असेल तरच अनुदान. शाळेच्या प्रमुखाच्या प्रमाणपत्रात राहण्या-जेवणाचा खर्च लिहिलेला असावा लागतो. परभणीतली मुले अकरावी-बारावीला मोठ्या संख्येने लातूर-नांदेडला जातात. कॉलेज एकीकडे, क्लास दुसरीकडे आणि खोली-मेस तिसरीकडे. मान्यताप्राप्त कॉलेजात प्रवेश असेल तर शिक्षण भत्ता मिळतो, पण खासगी होस्टेलची पावती वसतिगृह अनुदानाला चालत नाही. खर्च सर्वांत जास्त असतो, नेमक्या त्याच दोन वर्षांत हे होते.

तिसरे, निवृत्ती. जवानाला १५ वर्षांच्या सेवेवर पेन्शन लागू होते आणि अनेक जण चाळिशीच्या आतबाहेर घरी येतात. तेव्हा मुले सहावी ते दहावीत असतात. भत्ता त्या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीपर्यंतच मिळतो. साठीपर्यंत नोकरी करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याची मुले तोवर बारावी ओलांडून गेलेली असतात. कागदावर सारखा असलेला नियम इथे जवानाला कमी देतो.

निवृत्तीनंतर काय मिळते?

हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांसाठी केंद्रीय सैनिक मंडळाचे शिक्षण अनुदान आहे. नोव्हेंबर २०२५ पासून ते महिना १,००० वरून २,००० रुपये झाले. व्यावसायिक पदवीसाठी पंतप्रधान शिष्यवृत्तीतून मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळतात. त्यासाठी निवड गुणवत्तेवर होते. याशिवाय राज्याचा सैनिक कल्याण विभाग अनेक जिल्ह्यांत सैनिकी मुला-मुलींची वसतिगृहे चालवतो. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी.

शहिदांच्या मुलांचे काय?

त्यांची योजना वेगळी आहे. १९७१च्या युद्धानंतर सुरू झालेल्या या सवलतीत शिक्षण आणि वसतिगृहाचा खर्च सरकार देते. जुलै २०१७ मध्ये त्यावर महिना १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली. तिन्ही दलांच्या प्रमुखांच्या समितीचे तेव्हाचे अध्यक्ष अॅडमिरल सुनील लांबा यांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिले आणि मार्च २०१८ मध्ये मर्यादा हटली. जवानाचा सेवेत अन्य कारणाने मृत्यू झाला, तरी तो हयात असता तर जितका काळ भत्ता मिळाला असता, तितका काळ मुलांना तो मिळू शकतो.

स्वस्त निवासी शाळांचा पर्याय पुरेसा आहे का?

साताऱ्याची सैनिक स्कूल १९६१ मध्ये सुरू झाली. चंद्रपूरची २०१९ मध्ये आली. दोन्हीकडे सैनिकांच्या मुलांसाठी राखीव जागा आहेत. बेळगावच्या राष्ट्रीय मिलिटरी स्कूलमध्येही जवान आणि जेसीओंच्या मुलांना प्राधान्य मिळते. पण प्रवेश परीक्षेतून होतो आणि जागा मोजक्या.

नवोदय विद्यालयात राहणे-जेवणे मोफत असते. मात्र सवलतीत न बसणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांकडून विकास निधी म्हणून महिना १,५०० रुपये किंवा पालकाला मिळणारा शिक्षण भत्ता, यांपैकी कमी असेल ती रक्कम घेतली जाते.

मग फक्त सैनिकांनाच का?

हा प्रश्न परभणीत टाळता येत नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातली कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात आणि त्यांच्या मुलांचीही शाळा तुटते. राज्याने त्यांच्यासाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली. त्यात परभणी जिल्हाही आहे. आई-बापाचे काम फिरते असेल तर मुलाची शाळा एका जागी राहावी, हे तत्त्व सरकारने दोन्हीकडे मान्य केले आहे. फरक असा की ऊसतोड कामगाराच्या मुलाला थेट वसतिगृहात जागा द्यायची योजना आहे, तर जवानाला आधी खर्च करून मग पैसे मागावे लागतात.

पुढे काय होऊ शकते?

भत्ता द्यावा की नाही, यावर भारतात फारसा वाद उरलेला नाही. तो वाढवण्याची मागणीही आयोगापुढे येईलच. पण नुसती मर्यादा वाढली, तर फायदा आधीच महागड्या शाळेत मुले घालणाऱ्यांचा होईल. जवानाला उपयोगी पडतील असे बदल तीन : परतावा वर्षाऐवजी दर सहामाहीला देणे, अकरावी-बारावीला नोंदणीकृत वसतिगृहाची पावती ग्राह्य धरणे आणि लवकर निवृत्त होणाऱ्या जवानाच्या मुलांना बारावीपर्यंत भत्ता चालू ठेवणे. त्यांपैकी तिसऱ्याचा खर्च सर्वांत मोठा आहे, आणि गरजही.