डाव्या हाताचं वेळापत्रक

पहाटे साडेपाच
रात्रीच्या पट्ट्या सोडते. या पट्ट्या कमी ताणल्या जाणाऱ्या असतात. मुरगळलेल्या पायाला बांधतात ती क्रेप बँडेज इथं चालत नाही. हात धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करते. सोमवारी टेप घेऊन दोन्ही हातांची मापं वहीत लिहिते: मनगट, कोपराच्या खाली, कोपराच्या वर. दोन्ही हातांत 2 सेंटिमीटरचा फरक पडला की सूज धरायची. बाहीच्या घेरात 2 सेंटिमीटर म्हणजे किती, हे शिवणकाम करणारीला सांगावं लागत नाही.

सकाळी साडेसहा
रबरी हातमोजा घालून दाबाची बाही चढवते. तेल आधी लावत नाही, त्यानं बाहीचा ताण जातो. भाकरी उजव्या हातानं थापते, तव्यावर उलथनंच वापरते. भाजलं, चिरलं की जंतू शिरायला वाट मिळते.

माझा स्तनाचा कर्करोग काखेपर्यंत पोचला होता, म्हणून ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिकेच्या गाठीही काढल्या, वर रेडिएशन. हातातलं लसिकेचं पाणी त्याच वाटेनं परत जायचं. त्याच्यामागं रक्तासारखं हृदयाचं बळ नसतं. नळ्या स्वतः आकसतात आणि स्नायू हलले की ते पुढं सरकतं. काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीला हाताची सूज येते. पहिल्या एक-दोन गाठी तपासून तिथंच थांबता आलं, तर विसातल्या एकीला.

सकाळी दहा
दुकान उघडते. दसरा-दिवाळीचे ब्लाउज, फॉल-पिको, वर शाळेचे ड्रेस. डाव्या हाताच्या बोटात अंगुस्तान असतंच. तासाभरानं मशीन थांबवून हात वर करते, मूठ उघडते-मिटते. बाही अंगात असताना केलेली ही हालचाल पाणी जास्त ढकलते.

दुपारी एक
आत्याबाई डबा आणतात. रोजचंच बोलणं.
“कशाला मशीन मारायलीस? हाताला आराम दे की.”
“आत्याबाई, पडून ऱ्हायलं की जास्तच सुजतंय.”

पूर्वी डॉक्टरही वजन उचलू नका म्हणत. 2009 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात सूज असलेल्या बायकांना देखरेखीखाली, हळूहळू वजन वाढवत व्यायाम दिला. सूज वाढली नाही, उलट त्रास कमी झाला. म्हणून अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हा माझा डंबेल. भरलेली घागर मात्र एकदम उचलत नाही.

डाव्या हातात बांगड्या नाहीत, त्यावर गिऱ्हाइकं बोलतात. काच रुततो, फुटला तर चिरतो. दोन्ही हातांच्या मी उजव्यात घालते. कुणाला अशुभ वाटलं तर वाटो.

दुपारी चार
वेचणीहून आलेली बाई माप द्यायला उभी. मुंढ्याचं माप घेताना ती हळूच म्हणते, “ताई, इथं छातीत गाठ हाताला लागायलीय. दुखत नाही.”
दुखत नाही म्हणूनच बायका थांबतात. तिला सांगते, मापाचं नंतर बघू, उद्याच्या गाडीनं नांदेडला जा. विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. रेशनकार्ड, आधार सोबत ने. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचं ऑपरेशन, केमो बसतं. आजार काखेत जाण्याआधी सापडला, तर तिचा हात अशा सुजेपासून वाचण्याची शक्यता वाढते.

संध्याकाळी सात
उकाड्यानं हात जड होतो. आरशात रंग बघते. अचानक लाली, गरमपणा, थंडी-ताप आला तर मालिश नाही, पट्टी नाही. त्याच दिवशी डॉक्टर. हा जंतुसंसर्ग असतो, त्याला अँटिबायोटिक लागतं, आणि असा प्रत्येक झटका सूज वाढवून जातो.

रात्री नऊ
बाही काढून, धुऊन सावलीत वाळत टाकते. मग मालिश. जोर लावायचा नाही. रेशमी कापडाची सुरकुती काढावी इतक्या हलक्या हातानं फक्त कातडी सरकवायची. आधी मान, मग उजवी काख, मग छातीवरून पलीकडं, हात सगळ्यात शेवटी: पुढची वाट मोकळी नसेल तर मागचं पाणी जाणार कुठं? पट्टी मालक बांधतात. बोटांकडं घट्ट, खांद्याकडं सैल. नांदेडच्या फिजिओथेरपीत माझ्याआधी तेच शिकले.

ही सूज पुरती जात नाही, पण आवरून धरता येते. दिवसाचा तास-दीड तास तिला द्यावा लागतो. ब्लाउजची शिलाई सांगताना आता मी तो वेळही धरते.